कासारणीच्या पिवळ्या गोळीची कहाणी

अक्षता घ्या हातात, बायांनो. पदर सारखे करा. मागं कुजबुज नको, कुणाची खिचडी गिच्च झाली ते मग बोला. ही कहाणी गोड नाही. तरी ऐकायची, कारण वसाच तसा आहे.

ऐक धारजाई माते, तुझी कहाणी तुझ्याच पुढं सांगते.

आटपाट म्हणतात तसलंच एक नगर होतं. नगराला डोंगर होता, डोंगराला कातळ होता. कातळातून बारमाही पाण्याची धार पडे, तीच धारजाई. नगरात कासारआळी होती. आळीत तुंगाबाई नावाची कासारीण होती. तिचा नवरा आणि मुलगा नरहर बांगड्यांच्या पेट्या घेऊन गावोगाव हिंडत, चातुर्मासात तर फिरतीवरच असत. मग घरी दोघीच बायका. एक तुंगाबाई, दुसरी तिची नवी सून येसू.

तुंगाबाईच्या हाताला यश होतं. हात राठ असो, हात जाड असो, ती आधी तो आपल्या हातात घेई, हळूच चेपी, दोन गोष्टी बोले, आणि बांगडी मनगटावर कधी गेली ते त्या बाईला कळत नसे. उभ्या जन्मात तिच्या हातून एक काकण वाढलं नव्हतं. फुटलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. राणीचा चुडा तीच भरी. हात असा, पण जीभ तिखट. मिरची परवडली.

तुंगाबाईनं धारजाईचा वसा घेतला होता. चातुर्मासातले बुधवार धरायचे. सकाळी नाहायचं, देवीच्या नावानं पाण्याची धार सोडायची, दिवसभर उपास करायचा, सांजेला कहाणी ऐकायची, मग तोंडात घालायचं. उतायचं नाही, मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही. लेक पाळण्यात होता तेव्हा त्याच्यासाठी घेतलेला वसा, लेकाचं लग्न झालं तरी चालूच होता.

मग काय झालं? एके वर्षी तुंगाबाईचं डोकं जड व्हायला लागलं. कानात रातकिडे वाजावे तसं वाजे. माळ्यावर चढली की छातीत धडधडे. वैद्याला बोलावलं. वैद्यानं दंडाला पट्टा बांधला, फुस्स फुस्स फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "बाई, तुमचं रक्त चढलंय. अंगातल्या नळ्या ताठरल्यात आणि रक्त त्यांना आतून धडका देतंय. ही गोळी घ्या. रोज सकाळी एक. खारट-तळकट कमी करा. गोळीचा एकही दिवस चुकवू नका."

तुंगाबाईनं उपासाचं त्याला विचारलं नाही. पुरुषाला उपासातलं काय कळतं? ते बायांना विचारायचं असतं.

गोळी गुणाची होती. सून पाणी देई, सासू गोळी गिळी. डोकं उतरलं, कान निवांत झाले. मग चातुर्मास आला.

पण गोळीचा रंग पिवळा होता.

हसू नका ग. तुम्हांलाही ठाऊक आहे. हळद उपासाला चालत नाही. जिरं कुणाकडे चालतं, कुणाकडे चालत नाही. कोथिंबीर एका घरात चालते, भिंतीपलीकडच्या घरात नाही. भेंडीवरून सख्ख्या जावांत अबोला झालेला मी पाहिलाय. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. पण ज्या घरात जास्त गोष्टी चालत नाहीत, ते घर मोठं, त्या घरची बाई मोठी. असा आपला हिशेब.

येसू नवी आली होती. पहिल्याच उपासाला तिनं खिचडीवर कोथिंबीर घातली, तिच्या माहेरी चालत होती. तुंगाबाईनं ताट बाजूला सारलं. मग दिवसभर बाहेरच्या ओट्यावर बांगड्या भरता भरता आल्यागेल्या बाईला सांगितलं, "आमच्या सुनेच्या माहेरी उपासाला कोथिंबीर चालते हो! उद्या वरणभातही चालेल." बाया हसल्या. येसू आत चुलीपुढं बसून ऐकत होती. तिचं तोंड लाल झालं, डोळे भरले. तिनं मनाशी गाठ मारली, या घरात मला कुणी काही विचारलं तर 'चालतं' हा शब्द म्हणून तोंडातून काढणार नाही.

पहिला बुधवार आला. तुंगाबाई नाहली, देवीच्या नावानं धार सोडली, गोळी तळहातावर घेतली. उजेडात धरून पाहिली. मग हाक मारली, "येसू, अग येसू, तुमच्यात उपासाला गोळी चालते का ग?"

येसूची आजी माहेरी होती. तिलाही असलीच गोळी होती. एकादशीला ती आधी गोळी घेई, मग देवाला हात जोडी. म्हणे, "औषधाला उपास नाही पोरी, तीर्थासारखं घ्यावं." येसूच्या ओठांवर हे आलं होतं. पण तिला ओट्यावरचं हसणं आठवलं. ती म्हणाली, "नाही हो सासूबाई. आमच्यात नाही चालत."

तुंगाबाईचा चेहरा पडला. तिला हो हवं होतं. येसूनं ते पाहिलं. पण क्षणात तुंगाबाई ताठ झाली, म्हणाली, "आमच्यात तर मुळीच चालत नाही." आणि गोळी भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली.

मग सांज झाली. कहाणी झाली. फराळाला बसल्या. काय तो उपास, बायांनो! साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, तळलेले बटाट्याचे पापड, तळलेले रताळ्याचे काप. एकादशी अन् दुप्पट खाशी. शेंदेलोण हे उपासाचं मीठ, त्याला दोष नाही, म्हणून ते सढळ हातानं. पिवळी गोळी तेवढी देवळीत.

दुसरा बुधवार आला. तुंगाबाईचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. ती म्हणाली, "येसू, तुझी आजी आजारी असते म्हणत होतीस. ती ग काय करते उपासाला?"

सासू दार किलकिलं करत होती. येसूनं नुसतं ढकलायचं होतं. पण शेजारची भागाबाई ओट्यावर बसली होती, कान इकडेच. येसू म्हणाली, "आजी उपासाला गोळीला शिवत नाही. पाणीसुद्धा कहाणीनंतर घेते." भागाबाई म्हणाली, "वा, वळण आहे हो पोरीला!" येसूला बरं वाटलं. माणसाला बरं वाटतं, त्याला काय करणार. तुंगाबाई सुनेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मीही पाणी कहाणीनंतरच घेईन." सून एक पायरी चढली की सासू दोन चढे. गोळी गेली होतीच, आता पाणीही गेलं.

तिसरा बुधवार आला. त्या दिवशी तुंगाबाईनं काही विचारलं नाही. तिचे डोळे लाल होते. एका हातानं भिंत धरून ती ओट्यावर गेली. येसू तिच्या मागं गेली. तिनं ठरवलं, आज सांगायचं. ती म्हणाली, "सासूबाई..." तोच बाया आल्या. सण तोंडावर होता, ओटा भरून गेला. येसूला वाटलं, ही एक उठली की सांगते. ती उठली, दुसरी बसली. दुसरी उठली, तिसरी बसली. तिसरी नवी नवरी होती. तुंगाबाईनं तिचा हात हातात घेतला, चेपला, बांगडी चढवली, आणि हात अर्ध्यावर थांबला. बांगडी वाढली. नवरीच्या मनगटाला काच लागली, रक्त आलं.  तुंगाबाई आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. काही बोलायला गेली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मग ती बांगड्यांच्या राशीवरच कोसळली.

वैद्य धावत आला. म्हणाला, "उजवं अंग गेलं. वाचा गेली. आतली नळी फुटली." मग विचारलं, "गोळी चालू होती ना?"  वैद्याची नजर देवळीकडे गेली. तिथं पिवळ्या गोळ्या पडल्या होत्या. तो म्हणाला, "जीव आहे, एवढंच म्हणा. हे पुन्हा झालं तर माझ्या हातात काही नाही. आता तरी गोळी चुकवू नका."

नवरा आला, मुलगा आला. नरहर आईच्या उशाशी बसून रडला. येसूला कुणी बोल लावला नाही. आळीतल्या बाया बघायला आल्या. एक म्हणाली, "अंग गेलं, पण उपास नाही मोडला हो!" दुसरी म्हणाली, "बाई असावी तर अशी." तिसरी म्हणाली, "सूनही तशीच मिळाली." येसूला वाटे, कुणीतरी माझे केस धरावे आणि मला विचारावं. कुणी विचारलं नाही. ते तिला मरणापेक्षा जड झालं.

मग येसूनं काय केलं? ती डोंगर चढून गेली. धारेखाली डोकं धरलं आणि हंबरडा फोडला. एक म्हातारी आली. केस ओले, लुगडं ओलं. "मुली मुली, का रडतेस?" येसूनं सगळं सांगितलं. आजीचं सांगितलं, कोथिंबिरीचं सांगितलं, गोळीचं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मीच धारजाई."

येसूनं पाय धरले. "माते, तुझ्यासाठी झालं ग हे. तूच बरी कर."

देवी म्हणाली, "माझ्यासाठी? मी काय मागितलं होतं? एक दिवस पोट हलकं ठेवा, फळ खा, दूध घ्या, मीठ-तेलाला सुट्टी द्या. तसा उपास करून गोळी घेतली असती तर तिचं रक्त निवलं असतं. गोळी टाका, पाणी टाका, असं मी कधी म्हटलं? मी पाणी आहे ग. मला पिवळं काय आणि पांढरं काय?"

"चुकलं माते. पण आता तिला उठव. कहाण्यांत देव बुडालेली तारवं वर काढतात. मेलेली मुलं उठवतात."

"त्या बायांनी वसा टाकलेला असतो," देवी म्हणाली. "म्हणून मी दुःख देते. त्या पुन्हा वसा धरतात, मग मी दिलेलं दुःख परत घेते. हिनं वसा टाकलाच नाही. हे दुःख मी दिलं नाही. न दिलेलं मी परत कसं घेऊ?"

"मग अपराध माझा आहे. मला शिक्षा कर. नाहीतर क्षमा कर. काहीतरी कर!"

"तू माझ्याशी खोटं बोलली नाहीस. जिच्याशी बोललीस तिच्याकडे माग."

"तिला वाचा नाही, माते."

 देवीही रडली असेल. पण ती पाणीच, रडली तरी दिसणार कुणाला? येसूनं वर पाहिलं तो म्हातारी नव्हती. धार पडत होती.

येसू घरी आली. सासूच्या पायाशी बसली. म्हणाली, "सासूबाई, आमच्यात चालत होती. आजी रोज घेते. एकादशीलाही घेते. तुम्ही मला हसाल म्हणून मी खोटं बोलले." तुंगाबाईनं ऐकलं. तिला सगळं ऐकू येत होतं. तिनं सुनेकडे पुष्कळ वेळ पाहिलं. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तो राग होता, की लाज होती, की क्षमा होती, येसूला शेवटपर्यंत कळलं नाही.

बाकीच्या दिवशी येसू गोळी भरवी, तुंगाबाई गिळी. पण बुधवार आला. धारजाईच्या देवळातला बुधवारचा नगारा वाजला. येसूनं गोळी पुढं केली, तुंगाबाईनं दातखीळ बसल्यासारखे दात आवळले. येसू म्हणाली, "सासूबाई, चालते. देवीच म्हणाली, चालते." दात उघडले नाहीत. का उघडावे? सुनेच्या याच तोंडानं आधी नाही म्हटलं, आता हो म्हणतंय. खोटं बोलले असं स्वतःच कबूल करणाऱ्या तोंडाचं कुठलं बोलणं खरं धरायचं?

पुढच्या बुधवारी येसूनं गोळी कुटून कहाणीनंतरच्या दुधात घातली. तुंगाबाईला कडू लागलं. तिनं ओठांच्या कोपऱ्यातून दूध सांडून दिलं, आणि त्या दिवसापासून सुनेच्या हातचं दूधही घेईनाशी झाली. त्याच्या पुढच्या बुधवारी येसू पहाटेच म्हणाली, "आज मंगळवार आहे हो." तेवढ्यात नगारा वाजला. सासूनं सुनेकडे पाहिलं. त्या पाहण्यानं येसू खाली बसली.

नरहरला तिनं सांगितलं, तुम्ही म्हणा. त्यानं आईला हात जोडून सांगितलं. पण पुरुषाच्या शब्दाला उपासात मान कुठला? मग येसूनं ठरवलं, माझा शब्द गेला, नवऱ्याचा चालत नाही, पण आळीतल्या बायांचा चालेल. त्यांना सासूबाई मानतात.

ती भागाबाईकडे गेली. "मावशी, चला, सासूबाईंना एवढं सांगा, गोळी चालते म्हणून." भागाबाईनं दार लोटलं, कनवटीची पुरचुंडी सोडून दाखवली. आत गोळ्या. म्हणाली, "मीही घेते ग. चालते. पण दाराआड घेते. मी म्हटलं असं सांगू नकोस, आळी काय म्हणेल?"

ती आळीतल्या तांबटणीकडे गेली. तांबटणीनं फडताळातली डबी दाखवली. आत गोळ्या. म्हणाली, "चालते ग, कोण नाही म्हणतं? पण माझ्या सुनेला कळलं तर तिच्यापुढं माझी काय राहील?"

ती धारजाईच्या पुजारणीकडे गेली. पुजारणीनं देव्हाऱ्यामागून वाटी काढली. वाटीत गोळ्या. म्हणाली, "देवीपुढंच घेते मी. पण मीच असं बोलले तर वशाचं बळ काय राहिलं?"

तिघींनी घेतल्या. तिघींनी सांगितलं, चालते. तिघींतली एकही आली नाही.

चातुर्मास संपत आला. शेवटला बुधवार होता. नगारा वाजला. येसूनं सासूचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं कपाळ पुसलं. विनवलं, रडली, पाया पडली. म्हणाली, "सासूबाई, मला मारा, पण तोंड उघडा." तुंगाबाईनं दात आवळले. दुपारी तिच्या कपाळाची शीर फुगली. डोळे वर गेले. मांडीवरच तिनं जीव सोडला. नरहर वैद्याकडे पळाला होता, तो रस्त्यातच होता.

बाया जमल्या. भागाबाई आली, तांबटीण आली, पुजारीण आली. तुंगाबाईला न्हाऊ घातलं, मळवट भरला. भागाबाई म्हणाली, "काय मरण! सवाष्ण गेली, बुधवारी गेली, उपासात गेली. शेवटपर्यंत गोळीला शिवली नाही हो." बायांनी डोळ्यांना पदर लावले. मग येसू उठली. ती नवी सून, आजवर कुणापुढं वर मान करून बोलली नव्हती. ती ओरडली, "चालत होती! आमच्यात चालत होती! भागाबाई, तुमच्यात चालते! तांबटीणबाई, तुमच्यात चालते! पुजारीणबाई, देवीपुढं चालते! काढा तुमच्या गोळ्या, दाखवा सगळ्यांना!"

 भागाबाईचा हात कनवटीकडे गेला. गेला, आणि तिथंच राहिला. मग कुणीतरी म्हणालं, "दुःखानं भ्रमली हो पोर." दोघींनी तिला धरलं, आत नेलं, पाणी पाजलं. बाहेर तुंगाबाईच्या उपासाचे गोडवे पुन्हा सुरू झाले.

पुढं येसू दर बुधवारी धारेपाशी बसे. वर येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगे, "गोळी असेल तर आधी घ्या, मग धार सोडा." कुणी ऐके, कुणी तिला वेडी म्हणून दगड मारी. देवी पुन्हा तिला दिसली नाही. तिच्या सांगण्यावरून आपला वसा असा झाला, की अक्षता टाकायच्या आधी जिची गोळी असेल तिनं ती सगळ्यांच्या देखत घ्यायची.

तर बायांनो, काढा. मी थांबते.

कुणी हलत नाही. मला ठाऊक होतं. दर साली हेच होतं. मी नावं घेत नाही, पण इथं बसलेल्या निम्म्या जणींच्या कनवटीला आज सकाळची गोळी तशीच आहे, आणि जी ती शेजारणीकडे बघतेय. ही घ्या, ही माझी. पांढरी आहे. पाणी द्या ग कुणीतरी.

धारजाई माते, तुंगाबाईला मिळालं ते फळ तुम्हां आम्हां कुणाला न मिळो. येसूच्या वाट्याला आलं ते वैऱ्याच्या सुनेलाही न येवो. साठ जणींनी विचारलेली ही कहाणी, पाच जणी खरं बोलल्या असत्या तर सुफळ झाली असती. सुफळ मला म्हणवत नाही. संपूर्ण.